साधा पंखा घ्यावा की बीएलडीसी?

पंख्याच्या दुकानात दोन भाव ऐकू येतात. साधा पंधराशे-अठराशेला, बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचा, अडीच ते साडेतीन हजारांना. वर दुकानदाराचं ठरलेलं वाक्य: "वीज निम्म्याहून कमी लागते, साहेब." निम्म्याहून कमी, पण कशाच्या?

घरातला जुना 1200 मिमीचा पंखा पूर्ण वेगात साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी 28 ते 35. दुकानदार हीच तुलना सांगतो. मात्र आज मिळणारा नवा साधा पंखा तेवढा खादाड राहिलेला नाही. 1 जानेवारी 2023पासून बीईईने, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, छताच्या पंख्यांना वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं केलं. त्याआधी ते ऐच्छिक होतं, म्हणजे बहुतेक पंख्यांवर ते नसायचंच. 2023च्या त्या नियमात 1200 मिमीच्या पंख्याला एका ताऱ्यासाठीसुद्धा वॉटमागे मिनिटाला 4 घनमीटर हवा द्यावी लागते, पाच ताऱ्यांसाठी 6. त्यामुळे एक तारेवालाही पन्नासेक वॉटवर आलाय.

म्हणून हिशेब दोन. रोज 12 तास, वर्षाचे 300 दिवस धरू. चालू असलेला जुना पंखा काढून बीएलडीसी लावला, तर 45 वॉटच्या फरकाने वर्षाला 162 युनिट वाचतात. नवीन घरासाठी एक तारेवाला की बीएलडीसी असा प्रश्न असेल, तर फरक 20 वॉटचा, बचत 72 युनिटची. दहा रुपये दराने एकीकडे 1620 रुपये, दुसरीकडे 720. पहिल्यात पंख्याची पूर्ण किंमत वसूल करायची असते, दुसऱ्यात फक्त वरचे हजार ते सतराशे. दोन्हीकडे दोन वर्षांच्या आत-बाहेर पैसे सुटतात.

दर मात्र स्वतःच्या बिलावरून घ्या. महावितरणचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300 असे चढत जातात आणि वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतं. महिन्याला सत्तर-ऐंशी युनिटच येत असतील, तर चालू पंखा काढायची घाई नको.

सरकारने एलईडीला जसं उचलून धरलं, तसं पंख्याचं झालेलं नाही. 2015च्या उजाला योजनेत एकगठ्ठा खरेदीमुळे बल्बचा खरेदीभाव 310 रुपयांवरून 38वर आला होता. मग कोण कशाला हिशेब करत बसेल? पंख्याच्या बाबतीत लेबलने सगळ्यात साध्या पंख्याचा दर्जा उचलला, पण जास्त वीज वाचवणाऱ्या पंख्याची किंमत अजून आपल्याच खिशातून जाते. एकगठ्ठा खरेदीची योजना पंख्यांसाठीही आली, पण उशिरा. माझ्या मते सक्तीपेक्षा त्या खरेदीनेच जास्त फरक पडला असता.

दुरुस्तीत साधा पंखा सरस. हळू फिरायला लागला की गल्लीतला वायरमन कंडेन्सर बदलून देतो, जळला तर रिवाइंडिंग होतं. बीएलडीसीचं सर्किट बोर्ड गेलं की कंपनीच्या माणसाची वाट बघा. रिमोट हरवला की आणखी वैताग, कारण भिंतीवरचा जुना रेग्युलेटर बहुतेक मॉडेलना चालत नाही. उलट घरात इन्व्हर्टर असेल, तर बीएलडीसीवर बॅटरी बरीच जास्त टिकते. लोडशेडिंगच्या गावात मी एवढ्यासाठीसुद्धा तोच घेईन.

हॉल आणि झोपायच्या खोलीत बीएलडीसी. पाहुण्यांच्या खोलीत, देवघरात एक-दोन तारेवाला पुरे. घेताना नुसते तारे मोजू नका. लेबलवरचं वर्ष आणि वॉटमागे किती हवा हा आकडा बघा, आणि वॉरंटी बोर्डालाही आहे का, ते बिलावर लिहून घ्या.