नेक्सगार्ड: बडोद्यातल्या कुत्र्याला महिन्याला एक गोळी पुरते का?

गोचिडींसाठीची ही गोळी चांगली आहे, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. वजनाप्रमाणे, दर महिन्याला, न चुकवता दिली तर अंगावरच्या गोचिडी आणि पिसवा मरतात. तरीही ‘गोळी दिली, मग परत गोचीड कशी दिसली?’ हा प्रश्न दांडिया बाजार, रावपुऱ्यापासून मांडवीच्या पोळांपर्यंत (जुन्या गल्ल्यांपर्यंत) घरोघरी ऐकू येतो. याचं कारण बहुतेक वेळा औषधात नसतं. ते गोळीच्या वजनगटात असतं, नाहीतर घराच्या भिंतीत.

नेक्सगार्डमधलं औषध अफोक्सोलानर. ते पोटातून रक्तात जातं. गोचीड चावून रक्त प्यायली की तिच्या मज्जासंस्थेवरचा लगाम सुटतो, ती अनावर उत्तेजित होते आणि मरते. म्हणजे गोचीड आधी चावणारच. औषध तिला हुसकावत नाही. पिसवांवर परिणाम 8 तासांत सुरू होतो, गोचिडींना मात्र 48 तासांपर्यंत लागतात. त्यामुळे कमाटीबागेतून फिरून आलेल्या कुत्र्याच्या कानात दुसऱ्या दिवशी एखादी गोचीड दिसली, तर गोळी फुकट गेली असं समजू नका. पाच-सहा दिवसांनीही टपोरी, फुगलेली गोचीड सापडत असेल तर मात्र काहीतरी चुकतंय.

सर्वांत जास्त चूक वजनात होते. किमान मात्रा किलोमागे 2.5 मिलिग्रॅम. त्या हिशेबाने 2 ते 4 किलोला 11.3, 4 ते 10 ला 28.3, 10 ते 25 ला 68 आणि 25 ते 50 किलोला 136 मिलिग्रॅमची गोळी येते. 30 किलोच्या लॅब्राडोरला स्वस्त पडते म्हणून 68 ची गोळी दिली, तर किलोमागे जेमतेम 2.3 मिलिग्रॅम जातं. पहिले दोन आठवडे सगळं ठीक वाटतं आणि महिना संपता संपता गोचिडी परत दिसू लागतात. मोठी गोळी तोडून दोन कुत्र्यांत वाटणं त्याहून वाईट, कारण दोन्ही तुकड्यांत औषध सारखंच उतरेल याची खात्री नसते. अंदाजाने वजन धरू नका. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. वाढत्या पिल्लाचं वजन दर महिन्याला बघावं लागतं. 8 आठवड्यांच्या आतल्या किंवा 2 किलोहून हलक्या पिल्लाला ही गोळी नाही.

गोळी मांसाच्या स्वादाची, मऊ, चघळण्याजोगी आहे. बहुतेक कुत्री बिस्किटासारखी खातात. शाकाहारी घरांत स्वादाची गोष्ट आधीच सांगितलेली बरी. जेवणाआधी द्या की नंतर, फरक पडत नाही. दिल्यावर काही मिनिटं लक्ष ठेवा, कारण काही कुत्री गोळी गालात धरून कोपऱ्यात नेऊन टाकतात. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पूर्ण गोळी पुन्हा द्यावी लागते.

आता भिंतीकडे. आपल्याकडची कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड तीन वेळा अंगावर चढते आणि तीन वेळा उतरते. पिल्लू, मधली अवस्था, मोठी गोचीड, दरवेळी रक्त पिऊन ती खाली पडते आणि फटीत शिरते. पोट भरलेली मादी वर चढून भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे, दिवाणाच्या खाली हजारो अंडी घालते. जुन्या विटांच्या घरात, ओट्यावर भटकी कुत्री झोपत असतील तर हा साठा संपत नाही. उपाशी गोचीड महिनोन्‌महिने तग धरते. म्हणून एका गोळीने घर साफ होत नाही. निदान तीन महिने सलग गोळी द्या, सोबत घराचं काम करा: फटी सिमेंटने बुजवा, अंथरूण आठवड्याला उकळत्या पाण्यात धुवा, भेगांमध्ये डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनची फवारणी करून घ्या. पूर्ण सुकेपर्यंत कुत्र्याला आत सोडू नका. घरात मांजर किंवा मासे असतील तर आधी पशुवैद्यांना विचारा, कारण या जातीचं औषध मांजराला घातक ठरतं आणि माशांना तर थोडंही सोसत नाही.

अंगावर दिसलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी काही नको. नखाने चिरडू नका, तिच्यातले जंतू माणसालाही लागू शकतात. 2011 मध्ये अहमदाबाद जिल्ह्यात माणसांत काँगो ताप आढळला होता. तो मुख्यतः गुरांवरच्या गोचिडींचा आजार, पण हातमोज्याची सवय चांगलीच. काढलेली गोचीड स्पिरिटमध्ये टाका.

एक मर्यादा नीट समजून घ्या. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे गोचिडीतून कुत्र्याला होणारे रक्ताचे आजार. एर्लिकियाचे जंतू गोचीड चिकटल्यावर काही तासांतच रक्तात जाऊ शकतात, औषधाला मात्र दोन दिवस लागू शकतात. बॅबेसियाला शिरायला जास्त वेळ लागतो, तिथे गोळीचा फायदा मोठा. म्हणून गोळी चालू असली तरी ताप (गुदद्वारात थर्मामीटरने 39.2 अंशांवर), खाणं सोडणं, हिरड्यांवर लाल ठिपके, नाकातून रक्त किंवा कॉफीसारखी लघवी दिसली की थांबू नका. रक्ताची स्लाइड आणि प्लेटलेट्स तपासून घ्या. एर्लिकियावर डॉक्सीसायक्लिनचा कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो आणि कुत्रं चार दिवसांत खेळायला लागलं म्हणून तो मध्येच सोडू नये.

फिट येणाऱ्या कुत्र्याला ही गोळी पशुवैद्यांना सांगितल्याशिवाय देऊ नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये या गटाच्या औषधांबद्दल झटके, थरथर आणि तोल जाण्याचा इशारा दिला होता. बहुतेक कुत्र्यांना त्रास होत नाही. झाला तर उलटी किंवा जुलाब, एक-दोन दिवस मलूलपणा.

स्वस्तातला पर्याय म्हणजे अंगावर लावायचं 12.5 टक्के अमिट्राझ, लिटरभर पाण्यात 2 मिलि. स्वस्त असलं तरी मेहनतीचं. पिल्लं, चिहुआहुआ आणि मधुमेही कुत्र्यांना ते चालत नाही. चाटलं गेलं तर गुंगी येते, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तातली साखर वाढते. गुरांचं आयव्हर्मेक्टिन अंदाजाने टोचून घेणं तर कधीच नाही, कॉलीसारख्या जातींत त्याने जीव जातो.

मेडिकलमध्ये गोचीड म्हणून कळलं नाही तर गुजरातीत ‘इतरडी’ म्हणा. पाकिटावर बॅच, मुदत आणि वजनगट वाचा. उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. आणि गोळीची तारीख दिनदर्शिकेवर लिहा, कारण जून ते ऑक्टोबरमध्ये आठ दिवस उशीर झाला तरी भिंतीतल्या गोचिडींना तेवढे दिवस मोकळं रान मिळतं.