सरासरीत लपलेली मिनिटं

आमच्या अग्निशमन केंद्रात वर्दी-नोंदीचं नवं सॉफ्टवेअर येऊन सहा महिने झाले. वॉचरूममध्ये मीच बसतो, त्यामुळे रोजचीच गाठ. नुसती सरासरी न दाखवता दहातल्या नऊ वर्द्यांना बंब किती वेळात पोचला ते सांगतं, हे मला फार पटलं. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचं १७१० क्रमांकाचं मानकही असंच मोजतं. आगीच्या वर्दीला निघायला ८० सेकंद, पहिल्या बंबाचा प्रवास २४० सेकंद, तेही ९० टक्के वेळा. सरासरीत आम्ही हिरो होतो. या मोजणीत मात्र बाजारपेठेतल्या संध्याकाळच्या वर्द्या लालेलाल! साहेबांनी मग एक छोटी गाडी रोज पाचनंतर तिकडेच उभी केली.

वैताग एवढाच, की ड्रायव्हर 'पोचलो'चं बटण दाबायला विसरतो आणि गाडी नोंदीत पाऊण तास रस्त्यातच. पत्ता 'तालमीमागे' लिहिला तर नकाशा गप्प. साडेतीन तारे.