केनियाआधीची सुई

मसाई माराचं ठरलं, तशी ठाण्यातल्या एका ट्रॅव्हल क्लिनिकची वारी केली. डॉक्टरीणबाईंनी आधी तिकिटंच मागितली. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी हवी, नाहीतर परतल्यावर विमानतळावरूनच 6 दिवसांपर्यंत विलगीकरण! ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, म्हणून तिथे धाडलं. सासूबाई 67 च्या. साठीपुढे ही जिवंत (दुबळ्या केलेल्या विषाणूची) लस जपून देतात, म्हणून अंड्याची अ‍ॅलर्जी, चालू गोळ्या, सगळं खोदून विचारलं. टायफॉइड, हिपॅटायटिस ए सुचवल्या. रेबीज गळ्यात मारली नाही, हे आवडलं. लस घेतल्याच्या दाखल्याचं पिवळं कार्ड आता जन्मभर चालतं. रेटिंगमधला एक तारा कापला तो रिसेप्शनसाठी: वेळ घेऊनही दीड तास ताटकळत ठेवलं. सासूबाईंची तेवढ्यात स्वेटरची अर्धी बाही विणून झाली.