बावड्यातला माझा पहिला गेमिंग पीसी: नऊ महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात दिवाळी पाडव्याला जोडलेला पीसी आता नऊ महिन्यांचा झाला. उन्हाळा बघून झाला, पावसाळाही निम्मा सरला. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसते एफपीएसचे, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचे, आकडे लिहिले असते. आता मनापासून सांगावंसं वाटतं ते एवढंच, की आपल्याकडं पीसी जोडायचा असेल तर आधी भिंतीतला प्लग तपासा, ग्राफिक्स कार्डाचं मग बघू.

बजेट 80 हजारांचं, मॉनिटर धरून. रायझन 5 5600 प्रोसेसर, बी550 मदरबोर्ड, 8-8 जीबीच्या दोन डीडीआर4 रॅम, आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड, 1 टीबी एनव्हीएमई एसएसडी, 550 वॅटचा ब्राँझ एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा), पुढनं जाळी असलेला कॅबिनेट आणि 24 इंची 144 हर्ट्झचा मॉनिटर. निम्मं सामान राजारामपुरीतनं घेतलं, निम्मं ऑनलाइन मागवलं.

एका दुकानात मला खालचा 5500 प्रोसेसर आणि जुना बी450 बोर्ड घे म्हणून बराच आग्रह झाला. "गेमला काय फरक पडत नाही भावा, चार-पाच हजार वाचतील." फरक पडतो. 5500 ला एल3 कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) 16 एमबी, 5600 ला 32 एमबी. शिवाय कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता म्हणजे पीसीआयई, तो 5500 ला 3.0 वरच थांबतो आणि बी450 पण तिथंच. 4060 कार्डाला 16 नव्हे, 8 च लेन असतात. म्हणजे आधीच अरुंद रस्ता, त्यात 4.0 च्या मानानं वेगमर्यादा निम्मी. साधारण गेममध्ये हे जाणवणार नाही, पण कार्डाची मेमरी भरून डेटा रॅममधनं ये-जा करायला लागला की गेम अडखळतो. म्हणून 5600 आणि बी550 वर मी अडून बसलो आणि त्याचं आजही समाधान आहे.

कार्डाच्या बाबतीत बरेच दिवस मन होईना. 3060 मध्ये 12 जीबी मेमरी, 4060 मध्ये 8. पण 3060 खाते 170 वॅट आणि 4060 फक्त 115. लाईट जाणाऱ्या गावात हा 55 वॅटचा फरक यूपीएसवर आणि खोलीतल्या उष्म्यावर पडतो. घेतली ती 4060. सायबरपंक 2077 सारख्या गेमला टेक्स्चर एक पायरी खाली ठेवावं लागतं, आणि 8 जीबी कमी पडतात ही माझी खरी तक्रार आहे. व्हॅलोरंटला तर 144 च्या वरच चालतं.

जोडणीच्या रात्री सगळं बसवलं, पंखे फिरले, पण पडद्यावर काहीच येईना. तासभर रॅम काढून घालून बघितली. केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावली होती, आणि 5600 मध्ये ग्राफिक्स नसतंच. केबल कार्डाला लावायची. तसंच विंडोजमध्ये जाऊन 144 हर्ट्झ आपणच निवडायचं आणि बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग, चालू करायचं. माझी 3200 ची रॅम तोवर 2400 वर चालत होती.

आता मुख्य गोष्ट. तिसऱ्या दिवशी अंघोळ करून अनवाणी आलो आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागलं. मुंग्या आल्यासारखी झिणझिण कोपरापर्यंत गेली. टेस्टर लावला तर आतला दिवा मंद लालसर पेटला. एसएमपीएस खराब निघाला असं समजून मी परत करायच्या तयारीत होतो. आप्पांनी उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवलाय. त्यांनी टेस्टर बघितला आणि म्हणाले, "लेथला अर्थिंग लागतंय, मग ह्या डब्याला नगं व्हय?"

गल्लीतल्या वायरमन मामांना बोलावलं. त्यांनी स्विचबोर्ड उघडला. तीन पिनांचं सॉकेट होतं, पण वरच्या मोठ्या भोकामागं वायरच नव्हती. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असलं की ती बारीक गळती जमिनीत जाते. नसलं की पत्र्यावर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी कमी, म्हणून फक्त झिणझिण येते. पण उद्या आत खरीच फेज पत्र्याला टेकली तर जमिनीकडं वाटच नाही, फ्यूजही उडणार नाही. परसात खड्डा काढला, पाइप, कोळसा, मीठ घालून हिरवी वायर खोलीपर्यंत ओढली. त्या दिवसापासून टेस्टर पेटलेला नाही.

यूपीएसच्या बाबतीत मी आधी काटकसर केली. घरातला जुना 600 व्हीएचा लावला. त्याच्यावर 360 वॅट लिहिलेलं, आणि प्लगला मीटर लावून बघितलं तर गेम खेळताना मॉनिटरसकट 260 च्या आसपास ओढ होती. कागदावर पुरायला हवं. पण वळवाच्या पहिल्या पावसात लाईट गेली आणि एक लांब शिट्टी मारून सगळंच बंद पडलं. बॅटरी थकलेली होती आणि भर लोड तिला पेलला नाही. आता 1100 व्हीएचा आहे, 660 वॅटचा. गेम सेव्ह करून शांतपणे बंद करायला वेळ मिळतो, एवढंच मला हवं होतं.

उष्णतेचं सांगायचं तर प्रोसेसरसोबत आलेला कूलर थंडीत पुरला. एप्रिलच्या दुपारी मात्र तापमान 87 अंशांच्या घरात गेलं, आणि 5600 ची कमाल मर्यादा 90 आहे. दोन हजारांचा टॉवर कूलर लावल्यावर ते सत्तरीत आलं. बावड्यात चोहीकडं ऊस. हंगामात पाचट पेटलं की काळी काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर येते, तशीच कॅबिनेटच्या जाळीवर येते. फिल्टर पहिल्यांदा काढला तेव्हा बोटावर काजळासारखा थर आला. डिसेंबर ते मार्च दर पंधरा दिवसांनी तो धुतो, एरवी महिन्यातनं एकदा. फिल्टर निघतो तोच कॅबिनेट घ्या, दिवे कितीही कमी असोत.

कॅबिनेट टेबलावरच आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीला लागलं की मी वायरी सोडवून तो माळ्यावर नेतो. 2019 आणि 2021 चे महापूर बघितलेल्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

रोज तीन तास खेळलं तर महिन्याला चोवीसेक युनिट जातात. पुढच्या वर्षी रॅम 32 जीबी करणार आहे, प्रोसेसर अजून दोन वर्षं तरी बदलत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दर रविवारी बादलीभर पाणी ओतावं लागतं, माती सुकली की अर्थिंग कमजोर पडतं. ते काम आप्पांनी स्वतःकडं घेतलंय.