वय २१, फॉर्मवर २६: हेअर ट्रान्सप्लांटच्या नावाखाली झालेली फसवणूक

घरात वीस-बावीस वर्षांचा मुलगा असेल आणि त्याचे केस गळायला लागले असतील, तर हे वाचा. फसवणूक माझ्या धाकट्या भावाची झाली, पुण्यातल्या एका क्लिनिककडून. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

भाऊ तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेले, भोवऱ्यापाशी केस विरळ. बाबांना तिशीतच टक्कल पडलं, दोन्ही मामांचं तेच, त्यामुळे घरात कुणाला नवल वाटलं नव्हतं. आत्या मात्र सणावाराला आली की ‘याचं लवकर उरका, नाहीतर स्थळं फिरकायची नाहीत’ असं सुनवायचीच. इन्स्टाग्रामवर ‘फ्री कन्सल्टेशन’ची जाहिरात दिसली आणि हा गेला.

पांढरा कोट घातलेल्या एका मॅडमनी त्याचं डोकं पाहिलं. त्या डॉक्टर नव्हत्या, काउन्सेलर होत्या. स्पष्ट बोलायचं तर सेल्समधल्या. मोबाइलवर त्याचा फोटो काढून त्यावर बोटाने नवी हेअरलाइन ओढून दाखवली, शाळकरी पोराची असते तशी सरळ आणि खाली आलेली. ३,५०० ग्राफ्ट (म्हणजे एक ते तीन-चार केसांचे मुळासकट काढून लावायचे पुंजके), लाइफटाइम गॅरंटी, आज बुकिंग केलं तर डिस्काउंट. पैसे नाहीत म्हणाला, तर पॅन-आधार घेऊन तिथल्या तिथे फायनान्स कंपनीचं कर्ज मंजूर. वय विचारलं होतं, त्याने २१ सांगितलं होतं. त्यावर उत्तर काय, तर ‘लवकर आलास ते बरं झालं, तरुण वयात रिझल्ट मस्त येतो.’

खरं याच्या नेमकं उलट आहे. ट्रान्सप्लांटमध्ये नवे केस तयार होत नाहीत, डोक्याच्या मागच्या भागातले काढून पुढे लावतात. मागचे केस टक्कल पाडणाऱ्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत आणि पुढे लावल्यावरही तो गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये हे मांडलं, आजही सगळं त्यावरच चालतं. पण लावलेल्या केसांच्या आजूबाजूचे मूळचे केस? ते गळायचे तेव्हा गळतातच. एकविसाव्या वर्षी टक्कल कुठवर जाऊन थांबेल हे कुणालाच सांगता येत नाही. टक्कल किती पसरलंय हे सात पायऱ्यांत सांगणाऱ्या नॉरवूडच्या मापात ते तिसऱ्या पायरीवर थांबेल किंवा सातव्यावर जाईल. मागचा साठा मोजका असतो, बहुतेकांचा आयुष्यभराचा मिळून साधारण सहा हजार ग्राफ्टच्या आसपास. त्यातला निम्म्याहून जास्त कपाळावर खर्च केला, तर पस्तिशीत भोवरा उघडा पडल्यावर आणणार कुठून?

म्हणून बरेच सर्जन पंचविशीपर्यंत थांबायला सांगतात. तोवर केसगळतीवरची औषधं, म्हणजे मिनॉक्सिडिल, डॉक्टरांच्या सल्ल्याने फिनास्टेराइड आणि काही महिन्यांनी फोटो काढून तुलना. पंचवीस हा काही कायदा नाही. भाजल्याच्या व्रणावर केस लावायचे असतील तर गणित वेगळं, आणि तिशीतही गळती जोरात असेल तर थांबावंच लागतं. उलट तब्येत ठीक असलेल्या साठीच्या माणसाचं टक्कल जिथे थांबायचं तिथे बहुधा थांबलेलं असतं, त्यामुळे त्याचा अंदाज बांधणं सोपं.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर दहा मिनिटं दिसले. बाकीचं सगळं टेक्निशियन मुलांनी केलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय की हे काम प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांनी करायचं, यूट्यूब किंवा वर्कशॉप पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. २०१६ मध्ये चेन्नईत ट्रान्सप्लांट केलेल्या, वैद्यकीय शाखेच्याच २२ वर्षांच्या विद्यार्थ्याचा त्यानंतर मृत्यू झाला होता. त्या मानाने आमचं केसांवर आणि पैशावर निभावलं.

पहिल्या काही आठवड्यांत लावलेले केस गळले, ते तसे गळतातच. चौथ्या महिन्यापासून उगवायला लागले, वर्ष होईतो पुढे दाट ओळ तयार झाली. दरम्यान तिच्या मागचे मूळचे केस गेले. आता बांधावर ऊस उभा आणि आत वाफे रिकामे, असं डोकं दिसतं. ट्यूबलाइटखाली बसला की ओळीमागची त्वचा चमकते, म्हणून तो टोपी काढत नाही. क्लिनिकचं म्हणणं, ‘लावलेले केस शाबूत आहेत ना? गॅरंटी त्यांची होती, गळलेले तुझे स्वतःचे.’ वर दुसऱ्या सिटिंगचं कोटेशन हातात दिलं.

मी बँकेत कर्जविभागात आहे, फायली वाचणं हा माझा रोजचा धंदा. त्याची फाइल मागून घेतली. चार पानी संमतिपत्र इंग्रजीत, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘मूळ केसांची गळती पुढेही चालू राहू शकते’. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या पानावर वयाच्या रकान्यात २६, घराण्यात टक्कल आहे का, तर ‘नाही’. अक्षर भावाचं नाही. बुकिंगच्याच दिवशी घाईघाईत फुल्या मारलेल्या जागी त्याने फक्त सह्या केल्या होत्या. गंमत म्हणजे त्याच फाइलला आधारची झेरॉक्स जोडलेली, जन्मतारखेसकट. आणि कर्जाच्या अर्जात वय बरोबर २१, कारण तिथली जन्मतारीख कागदपत्रांशी जुळवूनच कर्ज मंजूर होतं. एकच दिवस, एकच काउंटर, एकाच मुलाची दोन वयं. आमच्या तक्रारीचा सगळा जोर या दोन कागदांवर आहे.

नंतर दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांनी ट्रायकोस्कोप (केस आणि टाळू मोठं करून दाखवणारं भिंग) लावून मागचा भाग पाहिला. तिथे पांढऱ्या ठिपक्यांची दाटी, केस गरजेपेक्षा जास्त उपसलेले. आता ऑपरेशन नको, औषधं घ्या, असं ते म्हणाले. काढले नक्की किती, हे आता कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एक, दोन, तीन केसांचे ग्राफ्ट किती निघाले याची नोंद त्याच दिवशी लेखी मागून घ्यायची असते, ती आमच्याकडे नाही.

जे फसलेत त्यांच्यासाठी: जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो आणि तक्रारही तिथे करता येते. क्लिनिककडून फाइलची प्रत लेखी अर्ज देऊनच मागा, तोंडी मागितली की ‘उद्या या’ चालू होतं.

आमची सुनावणी अजून चालू आहे. मध्यंतरी क्लिनिकने निरोप पाठवला, तक्रार मागे घ्या, दुसरी सिटिंग फुकट करून देतो. ज्या डोक्यात काढायला केस उरले नाहीत, त्यावर फुकट सिटिंग! हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. फायनान्स कंपनी म्हणते, ऑपरेशन कसं झालं याच्याशी आमचा संबंध नाही.