पिकअपच्या हेडरपायी माझे ५३,१५० रुपये गेले

हे लिहायला मला लाज वाटते. अठरा वर्षं मी मालवाहू गाडी चालवतोय, गोव्यात डिचोलीला चार माणसं मला विचारून टायर घेतात, आणि तरी मी फसलो. पण हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड) विकणारा तो माणूस तोच व्हिडिओ दाखवून अजून गिऱ्हाईकं गाठतोय, म्हणून लिहितोय.

गाडी २०१७ ची पिकअप, २.५ लिटर टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा). डिचोलीहून नारळ भरायचे, साखळीवरून चोर्ला घाट चढून बेळगाव, येताना भाजी. २०२५ च्या एप्रिलात सकाळी इंजिन थंड असताना टकटक आवाज यायला लागला, इंजिन तापलं की बंद. मेस्त्रीने वरचा पत्रा काढून दाखवलं: एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या बीडाच्या भागाला, तिसऱ्या सिलिंडरपाशी चीर, भोवती काजळी. कंपनीचा नवा मॅनिफोल्ड ४४,७०० रुपये आणि यायला पंचवीस दिवस. पंचवीस दिवस गाडी उभी राहिली तर हप्ता कशातून भरू? शौक म्हणून नळ्या बदलायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगतो.

म्हणून मॅनिफोल्डऐवजी हेडर लावायचं ठरवलं. विकणाऱ्याने पत्ता पुण्याचा सांगितला होता. मोबाइलवर व्हिडिओ आला, चकचकीत चार नळ्यांचा हेडर. ‘३०४ स्टेनलेस, आर्गॉन वेल्डिंग, १० मिलीमीटरचा फ्लँज, जन्मात चिरणार नाही, ओढ वाढेल.’ (फ्लँज म्हणजे नळ्यांच्या टोकाची, बोल्टने बसणारी पट्टी.) किंमत ३८,५०० रुपये, सहा दिवसांत घरपोच.

आणि इथेच मला कळायला हवं होतं. व्हिडिओतला हेडर लाँग ट्यूबचा होता, म्हणजे नळ्या लांबलचक खाली चेसिसपर्यंत उतरून मग एकत्र येणाऱ्या. तसे हेडर अमेरिकेतल्या मोठ्या पेट्रोल पिकअपना, बिनटर्बोच्या व्ही-८ इंजिनांना लावतात. तिथे प्रत्येक सिलिंडरचा धूर वेगळ्या नळीने सुटा नेला की फायदा होतो. आपल्या टर्बो डिझेलमध्ये टर्बो मॅनिफोल्डवरच बसतो, गरम वायू लगेच त्यातच शिरायला हवा. त्या लांब नळ्यांना आमच्या इंजिनात जागाच नाही. हे मला ठाऊक होतं! मी विचारलंसुद्धा, “टर्बो कुठे बसणार?” पलीकडे तीन-चार सेकंद शांतता. मग, “अ‍ॅडॉप्टर येतो दादा, टेन्शन घेऊ नका.” ती शांतता मला अजून रात्री आठवते. फोन तिथेच ठेवला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

दुसरी चूक माझीच, आणि तीही लपवत नाही. तो म्हणाला, बिल हवं तर २८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,७८० वर. मी म्हटलं, बिल नको. १९,२५० आगाऊ, १९,२५० माल निघायच्या आधी, दोन्ही यूपीआयने, तेही एका बाईच्या नावच्या खात्यावर. दुकानाच्या नावाने खातं नसेल तर एक रुपया पाठवू नका. आणि बिलावरचा कर वाचवायला जाऊ नका, त्या कागदाशिवाय पुढे तुम्हाला कोणी उभं करत नाही.

म्हापशाच्या ट्रान्सपोर्टमधून खोका सोडवला, १,८५० रुपये भाडं. आत लाँग ट्यूब नव्हताच, आखूड नळ्यांचा दुसराच तुकडा होता. मेस्त्रीने जुन्या स्पीकरचा चुंबक लावला. टपकन चिकटला. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला चुंबक असा धरत नाही. हे साधं लोखंड, वरून चंदेरी रंग, आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्याचं सोबती. (चुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४ असंही समजू नका. २०१ नावाचं स्वस्त स्टेनलेसही बहुधा चिकटत नाही.) व्हर्नियरने मोजलं, फ्लँज ६ मिलीमीटर. बोल्टची भोकं ३ मिलीमीटर सरकलेली. मेस्त्री म्हणाला, “पात्रांव, हें बसचें ना.”

फोन केला. उत्तर: “कस्टम माल परत होत नाही. भोकं ग्राइंडरने लांबट करा, सगळे तसंच करतात.” मेस्त्रीचं न ऐकता मी ते करायला लावलं. का? कारण ३८,५०० गेलेच होते आणि बेळगावचा व्यापारी रोज फोन करत होता. स्टड-गॅस्केट २,३००, मजुरी ४,५००.

अकरा दिवस चालली. बाराव्या दिवशी नारळ भरून चोर्ला चढताना शिट्टीसारखा आवाज, मागे काळा धूर, ओढ संपली. गॅस टर्बोच्या आधीच गळत असेल तर टर्बो फिरणार कशाने? हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून धूर. एका वळणावर टर्बोच्या फ्लँजचं वेल्डिंगच सुटलं. टर्बोचं सगळं वजन मॅनिफोल्डवर असतं. बीडाचा जाड मॅनिफोल्ड ते पेलतो, आधाराच्या ब्रॅकेटशिवाय पातळ नळी पेलत नाही. गाडी ओढून आणायला ६,००० रुपये. असे एकूण ५३,१५० झाले. वर कंपनीचा मॅनिफोल्ड शेवटी घ्यावा लागलाच, तो वेगळा.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?” दुसऱ्या दिवशी, “विकणारा पुण्याचा, हद्द आमची नाही.” तिसऱ्या खेपेला साहेब नव्हते. हद्दीचं कारण चुकीचं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. मला तेव्हा ते माहीत नव्हतं आणि समोरच्याने सांगितलं नाही. उलट त्यानेच विचारलं, “इंजिनात बदल करायची परवानगी घेतली होती?” मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढून मलाच ५,००० च्या दंडाची भीती! बँकेत सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, पण तो पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो. मी महिन्याने जागा झालो.

एका वकिलाने तर सांगितलं की गाडी धंद्याची, त्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही. हेही खोटं निघालं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरणाऱ्याची खरेदी ‘व्यापारी’ धरत नाहीत, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. सहा महिने मला दारोदार फिरवलं आणि हे एकानेही सांगितलं नाही. चार ओळींची माहिती! लोकांच्या कराच्या पगारावर बसलेल्यांना तेवढंही तोंडातून काढता येऊ नये?

आता तक्रार ऑनलाइन भरली आहे. बिल नाही, म्हणून यूपीआयचे दोन व्यवहार, ट्रान्सपोर्टची पावती, विकणाऱ्याचे मेसेज आणि व्हर्नियर लावलेले फोटो जोडलेत. हेडर विकला नाही, पुरावा म्हणून गोणपाटात बांधून ठेवलाय.

परवा भाच्याच्या मोबाइलवरून त्याच नंबरला विचारलं. तोच व्हिडिओ आला. ‘३०४ स्टेनलेस, जन्मात चिरणार नाही.’ आता किंमत ४२,००० सांगतोय.