बॅजर सर्व्हे, आठ महिन्यांनंतर: दोन काड्या आणि 45 पेन्स

बांधकामाआधी बागेत बॅजर (बिळात राहणारा, पट्टेरी तोंडाचा रानटी प्राणी) आहे का ते तपासणाऱ्या इकॉलॉजिस्टचं शेवटचं बिल काल आलं. 'मायलेज, 45 पेन्स प्रति मैल' ही गाडीखर्चाची ओळ सहाव्यांदा वाचली आणि ठरवलं, आता रिव्ह्यू टाकायचाच. नाव घेणार नाही. माणूस चांगला आहे, बिल वाईट आहे.

आमचं घर इंग्लंडमधल्या रेडिंगच्या बाहेर. मागे लांबट बाग, टोकाला उतार, पलीकडे झाडी. आईबाबा दर उन्हाळ्यात येतात, त्यांना जिना नको म्हणून मागच्या बाजूला खाली एक खोली वाढवायची होती. ऑक्टोबरात कौन्सिलकडे (इथली नगरपालिका) बांधकाम परवानगीचा अर्ज टाकला, आठ आठवड्यांत निकाल येईल असं धरून चाललो. सहाव्या आठवड्यात शेजारच्या आजींनी कौन्सिलला कळवलं की त्यांच्याकडे पक्ष्यांचे दाणे खायला रात्री बॅजर येतो. झालं! सर्व्हे द्या, मग बोलू. 'आधी परवानगी द्या, सर्व्हे मागाहून देतो' हे मी विचारून पाहिलं. संरक्षित प्राण्याच्या बाबतीत ते चालत नाही.

तीन कोटेशनं आली: 380, 450 आणि 620 पौंड, सगळी व्हॅट सोडून. मी कुठलं घेतलं ते सांगायला नको. त्यात एकच भेट आणि अहवाल धरलाय, हे खालच्या बारीक अक्षरांत होतं.

फेब्रुवारीत इकॉलॉजिस्ट गडी आला. गवत वाढलेलं नसतं आणि बॅजर हद्दी आखत फिरत असतात, म्हणून हे दिवस बरे. दीड तास तो माझ्या बागेत जवळजवळ रांगत होता आणि खरं सांगतो, ते बघण्यासारखं होतं. कुंपणाच्या तारेतून एक केस सोडवून त्याने दोन बोटांत फिरवला. बॅजरचा केस पुरता गोल नसतो, म्हणून बोटांत अडखळतो. दोन्ही टोकांना पांढरा, मध्ये काळा पट्टा. लॉनवरचे जे खळगे बघून मी वर्षभर खारींना शिव्या घातल्या, ते गांडुळांसाठी या महाशयांनी नाकाने उकरलेले निघाले. झाडीच्या कडेला छोट्या खड्ड्यांत विष्ठा. मांजर झाकून जातं, हा उघडी ठेवतो. हद्दीची पाटीच ती. मग उतारावरचं भोक. मी म्हटलं, ससा. तो म्हणाला, सशाचं भोक लहान आणि गोल असतं, कोल्ह्याचं उभट असतं आणि वास मारतं. हे रुंद, आडव्या पडलेल्या डी अक्षरासारखं. बाहेर मातीचा ढीग, त्यात वाळलेलं गवत, म्हणजे त्याचं जुनं अंथरूण.

"पण सध्या वापरात आहे का, ते आज सांगता येणार नाही," असं म्हणून त्याने माझ्याच बागेतल्या दोन काड्या उचलल्या, भोकाच्या तोंडाशी उभ्या रोवल्या आणि गेला.

पाच दिवसांनी आला. काड्या उभ्या. गेला. पुन्हा आला. काड्या उभ्या. गेला. दर खेपेला 90 पौंड. शिवाय जाऊन-येऊन 28 मैल, म्हणजे 12 पौंड 60 पेन्स. काड्या माझ्या, बाग माझी, रोज सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीतून त्या काड्यांकडे बघत बसणाराही मीच. म्हटलं, फोटो पाठवतो. नाही, जाणकार माणसानेच बघून नोंद करायला हवी. आपल्याकडे एखाद्या गोष्टीला काडीची किंमत नाही म्हणतात. इथे एका काडीची किंमत 45 पौंड, व्हॅट वेगळा.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, घुशीसाठी एवढं? आपल्याकडं बिळात मिरचीचा धूर करत्यात, दुसऱ्या दिवशी गायब." आईचा उपाय इथे केला तर 1992 च्या प्रोटेक्शन ऑफ बॅजर्स ॲक्टखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि दंडाला वरची मर्यादाच नाही. बॅजर दुर्मीळ आहे म्हणून हा कायदा नाही. त्याला बिळातून ओढून कुत्र्यांशी झुंजवायचा क्रूर शौक लोकांना होता, म्हणून आहे. आणि याच देशात गुरांच्या टीबीपायी 2013 पासून दोन लाखांवर बॅजर सरकारी परवान्याने मारले गेलेत. माझ्या बागेतल्याला मात्र हातही लावायचा नाही. असो.

काड्यांपर्यंतचं मार्चमध्येच लिहून ठेवलं होतं, दोन तारे द्यायच्या बेताने. बरं झालं तेव्हा टाकलं नाही.

कारण भोक रिकामं आहे हे सिद्ध करायला मी 55 पौंडांचा रात्री टिपणारा कॅमेरा आणला. दहा रात्री: शेजारचं मांजर, एक कोल्हा, पुन्हा मांजर. मी खूश. तिसऱ्या भेटीला तो आला तर काड्या आडव्या. मी म्हटलं, वारा. त्याने एक काडी उचलून दाखवली, तिला केस चिकटलेला. मग कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर घेतला, भोकाकडे नीट वळवला. दुसऱ्याच रात्री, पावणेतीनला, पट्टेरी तोंड बाहेर आलं, अंग खाजवत बसलं आणि सावकाश निघून गेलं. माझा पुरावा चुकला होता, काड्यांचा बरोबर निघाला. माझ्या शब्दावर त्याने 'रिकामं' लिहिलं असतं आणि तिथे जेसीबी घातला असता तर गुन्हेगार मी ठरलो असतो.

अहवाल आला: हे मुख्य बीळ नाही, अधूनमधून मुक्कामाचं. खोलीच्या पायापासून नऊ मीटर. ऐकीव '30 मीटर' डोक्यात घेऊन मी टेप लावत बसलो होतो. तो आकडा कायद्यात नाहीच, कामापुरता वापरात आलेला आहे. खरा प्रश्न एवढाच, की खोदकामाने बोगदा ढासळेल का किंवा आतल्या जनावराला त्रास होईल का. बोगदा कुठवर गेलाय ते वरून कळत नाही, म्हणजे नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेचा परवाना लागणार. आणि बीळ बंद करायला मुभा 1 जुलै ते 30 नोव्हेंबर. हिवाळ्याच्या अखेरीस पिल्लं होतात, म्हणून मधले महिने विसरायचे.

कौन्सिलची परवानगी एप्रिलमध्ये, परवान्याचा अर्ज त्यानंतर, आणि जुलैत भोकाला एकतर्फी दार बसलं: आतून ढकलून बाहेर पडता येतं, परत शिरता येत नाही. सलग 21 दिवस हालचाल दिसली नाही तर बीळ बंद. तेराव्या दिवशी पठ्ठ्याने दाराच्या बाजूने नवीन भोक पाडलं. मोजणी पुन्हा एकपासून! मग आजूबाजूला जाळी अंथरली (जाळीचे पैसे वेगळे, विचारूच नका). ऑगस्टअखेर इकॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली बीळ खोदून त्याच दिवशी बुजवलं. मुख्य बीळ नसल्याने पर्यायी घर बांधून द्यावं लागलं नाही, नाहीतर मी खोलीचा नादच सोडला असता. पाया खणण्याआधी पुन्हा एक फेरी, कारण फेब्रुवारीनंतर बॅजर कुठेही सरकलेला असू शकतो. तेच हे कालचं बिल.

माझी खरी चूक 380 वालं कोटेशन नव्हती. आर्किटेक्टला नकाशा काढायला लावला आणि सर्व्हे नंतर केला, ही होती. खोली घराच्या दुसऱ्या कोपऱ्याला सरकवता आली असती, परवान्याची गरजच बहुधा पडली नसती. कोटेशन मागताना देखरेखीच्या भेटी किती, परवान्याच्या अर्जाचे किती, बीळ बुजवताना हजर राहायचे किती, हे लिहून घ्या. 620 वाल्यात पहिल्या तीन भेटी धरलेल्या होत्या. हिशेब तुम्हीच करा, मला पुन्हा करायचा नाही.

चार तारे. एक मायलेजचा कापला. 45 पेन्स हा कर खात्याने मान्य केलेला दर आहे, मला माहीत आहे, तरी कापला.

आता पाया खणलाय. चरात पडलेलं जनावर वर यावं म्हणून रात्री तिरकी फळी टाकून ठेवायची असते. बिल्डर विसरतो, रोज संध्याकाळी मीच टाकतो. मंगळवारी सकाळी फळीवर चिखलाचे ठसे होते. बिल्डर म्हणाला, कुत्रा.

मी त्याला बोटं मोजायला लावली. कुत्र्याची चार उमटतात. ही पाच होती, एका ओळीत.